नित्य आठ किलोमीटर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मैत्रेयीला जाग आली. सहा चौदाला ती उजव्या कुशीवर वळली आणि तशीच थांबली. कमरेतली कळ पोटरीपर्यंत उतरते, काही वेळ तिथे रेंगाळते आणि मग परत फिरते. या फेरीत घाई केली तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे गेल्या दोन वर्षांत तिला कळून चुकले होते. सहा वीसला तिने पाय पलंगाखाली सोडले. सहा सव्वीसला भिंतीत बसवलेली दांडी धरून ती उभी राहिली. वॉशरूमपर्यंतची नऊ पावले चार मिनिटांची. बेसिनवर वाकता येत नसल्याने ती ओल्या नॅपकिनने तोंड पुसत असे. सहा बावन्नला सुनेत्राबाईंनी तिच्या पायांत मोजे चढवले. एकोणतीस वर्षांच्या मुलीला मोजे घालताना आईने कुठे पाहावे हे त्या घरात अजून ठरलेले नव्हते. सुनेत्राबाई मोज्यांकडे पाहत. सात वाजून चार मिनिटांनी मैत्रेयी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्याउभ्याच चहा प्यायली. एका वेळी फार तर वीस मिनिटे तिला बसता येत असे, आणि ती वीस मिनिटे घरच्या खुर्चीवर घालवणे तिला परवडत नव्हते.

या सगळ्या वेळा तिचे वडील नंदकुमार आगाशे निळ्या वहीत टिपत होते. एकतीस वर्षे त्यांनी अल्बर्टा प्रांताच्या पुलांची तपासणी केली होती. तडा कुठे गेला, गेल्या वर्षीपेक्षा किती मिलिमीटर वाढला, हे लिहिताना त्यांनी कधी विशेषण वापरले नव्हते. मुलीच्या बाबतीतही त्यांनी तीच शिस्त पाळली. ‘७:०४. चहा. उभी. डावा हात ओट्यावर.’ बाहेर एडमंटनमध्ये उणे सत्तावीस होते आणि फेब्रुवारी २०११ मधला तो मंगळवार उजाडायला अजून अवकाश होता.

मैत्रेयी कॅनडाच्या सैन्यात रसदीचे ट्रक चालवीत असे. २००८ च्या ऑगस्टमध्ये कंदाहारबाहेरच्या रस्त्यावर तिच्या ट्रकखाली सुरुंग फुटला. ट्रक वर उडाला आणि खाली आला. पट्ट्याने सीटला बांधलेली असल्यामुळे ती वाचली, आणि पट्ट्याने सीटला बांधलेली असल्यामुळेच तिच्या पाठीचे दोन मणके दबले. सैन्याने तिला पदक दिले, निरोप दिला आणि एका वेगळ्या विभागाकडे सोपवले. सेवेत झालेल्या इजांचे लाभ आणि उपचार मंजूर करणे हे या विभागाचे काम. अर्ज करून वीस महिने झाले होते. पहिले आठ महिने फाइल सापडत नव्हती. सापडली तेव्हा तिच्यातला डॉक्टरांचा अहवाल सहा महिन्यांहून जुना झाल्याने बाद ठरला. नवा अहवाल पाठवला. तो वाचायला विभागाला सात महिने लागले, आणि वाचून झाल्यावर तोही जुना निघाला. मग विभागाने अर्जदाराच्या दैनंदिन हालचालींची सविस्तर नोंद मागवली. नंदकुमार सुखावले; आयुष्यात प्रथमच एखाद्या कार्यालयाने त्यांच्याकडे त्यांना येत असलेली गोष्ट मागितली होती. त्यांनी तीन वह्या भरून पाठवल्या आणि चौथी सुरू केली.

घाई होती ती कॅल्गरीमुळे. तिथल्या एका वेदना-उपचार केंद्रात सहा आठवडे राहून घ्यायचा कार्यक्रम होता. मैत्रेयीच्या तुकडीतला एक जण तिथे काठी घेऊन गेला आणि येताना स्वतः गाडी चालवत आला. केंद्राने तिच्यासाठी एकतीस मार्चपर्यंत जागा राखून ठेवली होती. अट एवढीच, की इजा सेवेत झाली आहे आणि ती अजून आहे, असा विभागाचा निर्णय तोपर्यंत हाती हवा. तो नसेल तर सार्वजनिक यादी, आणि त्या यादीत नंबर लागायला दोन वर्षे.

साडेअकराला नंदकुमार कोपऱ्यावरच्या टपालपेट्यांमधून पत्र घेऊन आले. बूट न काढताच त्यांनी ते फोडले, यावरून सुनेत्राबाईंना त्याचे महत्त्व कळले. पत्र सभ्य होते. विभागाने प्रथम मैत्रेयीच्या सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त केली होती. मग अर्ज नामंजूर केला होता. कुटुंबीयांनी ठेवलेल्या नोंदी हितसंबंधी व्यक्तींच्या असल्याने त्यांना मर्यादित वजन दिले आहे, असे त्यात म्हटले होते. याउलट एका स्वतंत्र सामाजिक संस्थेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेल्या निवेदनानुसार अर्जदार पूर्णपणे बऱ्या झाल्या असून रोज पहाटे नदीकाठी आठ किलोमीटर धावतात. सोबत छायाचित्राची प्रत जोडली होती: शाल पांघरलेली, हातात नारळ घेतलेली, ताठ उभी, हसणारी मैत्रेयी.

“कोण धावतं?” सुनेत्राबाईंनी विचारले.

“मी, आई.” मैत्रेयी जमिनीवरच्या मॅटवर पाठ टेकून पडली होती. “रोज. एट के. आय ॲम अमेझिंग.” तिला हसू आले, हसल्यावर पाठीत कळ येई, म्हणून तिने ते अर्ध्यावर थांबवले.

“स्वतंत्र संस्था म्हणजे?” नंदकुमारांनी पत्र उलटून पाहिले, जणू मागच्या बाजूला दुसरी एखादी संस्था असावी. “आपलं मंडळ?”

ते आपलेच मंडळ होते. आदल्या नोव्हेंबरात स्नेहदीप मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात मैत्रेयीचा सत्कार केला होता. तोपर्यंत आगाशे कुटुंबाने मुलगी सैन्यात असल्याचे कोणाला फारसे सांगितले नव्हते. सुनेत्राबाई म्हणत, ‘गव्हर्न्मेंटमध्ये आहे, ट्रान्सपोर्टेशनला,’ आणि ऐकणारे समजून घेत की पोरगी ऑफिसात बसते. पण पदकाची बातमी स्थानिक वृत्तपत्रात छापून आली आणि मंडळाला आपल्यात एक वीरांगना असल्याचा शोध लागला. सत्कार ठरला. सत्कार म्हटला की मानपत्र आले, आणि मानपत्र म्हटले की हेमचंद्र उपासनी आले.

उपासनी मृदाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. विद्यापीठात असताना मातीचा नमुना स्वतः तपासल्याशिवाय ते तिच्याबद्दल एक अक्षर लिहीत नसत. माणसांबाबत त्यांची पद्धत निराळी होती. तीस वर्षांत त्यांनी मंडळासाठी एकेचाळीस मानपत्रे लिहिली होती, आणि त्या एकेचाळीस जणांत एकही साधा माणूस नव्हता. त्यांनी रिवाजाप्रमाणे सुनेत्राबाईंना फोन केला होता. “कशी आहे मैत्रेयी?” सुनेत्राबाई म्हणाल्या, “छान आहे हो. सकाळी जरा फिरतेसुद्धा.” परक्याने मुलीची तब्येत विचारली की लग्न व्हायचे असलेल्या मुलीची आई दुसरे काय सांगणार? शिवाय ते अगदीच खोटे नव्हते. पलंगापासून वॉशरूमपर्यंत ती फिरतच असे. उपासनींनी टाक उचलला आणि लिहिले: ‘मृत्यूच्या दाढेतून परतलेली ही रणरागिणी आज पूर्णतः रोगमुक्त होऊन नित्य प्रातःकाळी सरितातीरी वायुवेगाने धावते.’ सभागृहात टाळ्या पडल्या. मैत्रेयीने दोन जास्तीच्या गोळ्या घेऊन चाळीस मिनिटे स्टेजवर उभे राहणे निभावले आणि पुढचे चार दिवस ती पलंगावरून उठली नाही. त्या चार दिवसांची नोंद तिसऱ्या वहीत होती. मंडळाचा तरुण सचिव पुष्कर याने मानपत्राचा इंग्रजी अनुवाद करून तो छायाचित्रासह संकेतस्थळावर चढवला.

प्रत्येकाने आपापल्या परीने मैत्रेयीला थोडे पुढे ढकलले होते, आणि ती नदीकाठी पोचली होती.

नंदकुमारांनी विभागाला फोन केला. दोन दिवसांनी लागला. फाइल सांभाळणाऱ्या बाईंचे नाव डोरीन. त्या चिडल्या नाहीत, घाईतही नव्हत्या. फक्त दमलेल्या होत्या. आपल्याकडे तीनशेच्या वर फायली आहेत, हे त्यांनी तक्रार म्हणून नव्हे तर हवामानासारखे सांगितले. निर्णयाचा फेरविचार होऊ शकतो, म्हणाल्या, पण त्यासाठी ज्या संस्थेने निवेदन प्रसिद्ध केले तिने ते लेखी मागे घ्यायला हवे.

“एवढंच ना?” नंदकुमार म्हणाले. “ती आमचीच माणसं आहेत.”

मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक सत्तावीस फेब्रुवारीच्या रविवारी अध्यक्ष विलास म्हसकर यांच्या बेसमेंटमध्ये होती. नंदकुमार अर्धा तास आधी पोचले. विलासरावांनी त्यांचे मनापासून स्वागत केले, मैत्रेयीची चौकशी केली, आणि त्यांना वरच्या मजल्यावर बसवले.

“नंदूभाऊ, तुमचा विषय पाचवा. कार्यकारिणीचे सदस्य नसलेल्यांना आधीच्या विषयांना बसता येत नाही हो. घटनेतच आहे तसं. तुम्ही इथे हॉकी बघा आरामात, आम्ही बोलावतो.”

नंदकुमारांनी कोट मांडीवर घेतला आणि हॉकी पाहिली. खाली पाडव्याच्या जेवणाचा बेत, हॉलचे बुकिंग, बालनाट्यातील अफझलखानाचा आवाज फार कोवळा आहे ही सूचना आणि मागील इतिवृत्तातील एक स्वल्पविराम असे चार विषय दोन तास दहा मिनिटे चालले. मधे उपासनी पाणी प्यायला वर आले. आगाशे कोट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीचा आवाज बंद होता आणि खालचे बोलणे जिन्यातून वर येत होते. त्यांनी खिशातून एक छोटी वही काढून काहीतरी लिहिले आणि परत ठेवली.

“काय लिहिताय?” उपासनींनी विचारले.

“सवय आहे,” नंदकुमार ओशाळून म्हणाले. “किती वेळ झाला ते.”

अखेर त्यांना खाली बोलावले. त्यांनी पत्र वाचून दाखवले. चिवड्याच्या वाट्या घेतलेले हात क्षणभर थांबले.

“म्हणजे,” विलासराव सावकाश म्हणाले, “कॅनडाच्या सरकारने आपली वेबसाइट वाचली?” त्यांच्या स्वरात धक्का होता, पण त्यात अभिमानाचा अंशही नव्हता असे म्हणवत नाही.

“आठ किलोमीटर कुठून आले?” उपासनींनी विचारले. “मी आकडा दिला नव्हता.”

पुष्कर लॅपटॉपमागून म्हणाला, “सर, मी फक्त ट्रान्सलेट केलं. इंग्लिशमध्ये नुसतं ‘वायुवेगाने धावते’ एकदम व्हेग वाटतं. लोक विचारतात, किती? म्हणून राउंड फिगर टाकली.”

“आठ ही राउंड फिगर?”

“पाच मैल, सर.”

“पेज डिलीट करून टाक आत्ताच्या आत्ता,” विलासराव म्हणाले.

“प्रिंट त्यांच्या फाइलमध्ये आहे,” नंदकुमार म्हणाले. “पान काढलं तर आपण लपवतोय असं दिसेल. त्यांना एक पत्र हवंय. मंडळाने म्हणायचं, हे खरं नाही. बस.”

इथे अडचण निघाली. दिलेले मानपत्र मागे घ्यायचे म्हणजे सत्कार मागे घेण्यासारखे. उद्या लोक म्हणतील, पोरीने असे काय केले की मंडळाने मानपत्र काढून घेतले? शिवाय ‘खरे नाही’ हा शब्दप्रयोग मंडळाच्या लेटरहेडवर बरा दिसला नसता.

“मुळात खोटं कुठे आहे त्यात?” विलासराव म्हणाले. “अतिशयोक्ती अलंकार आहे तो. शाळेत शिकलोय आपण सगळे. दमडीचं तेल आणलं, सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची शेंडी भिजली, त्याला कोणी पुरावा मागितला?”

“त्यांच्या फॉर्ममध्ये अलंकाराला जागा नाही,” नंदकुमार म्हणाले.

कोणी सुचवले, पूरक मानपत्र द्यावे. पहिल्यात शौर्य, दुसऱ्यात वेदना. ही कल्पना अनेकांना आवडली आणि काही क्षण सगळ्यांच्या नजरा उपासनींकडे वळल्या. शेवटी विषयाचे गांभीर्य लक्षात घेऊन तीन सदस्यांची उपसमिती नेमण्यात आली. तिने साधकबाधक विचार करून पाडव्याच्या सर्वसाधारण सभेत अहवाल ठेवावा, असे ठरले.

“पाडवा चार एप्रिलला आहे,” नंदकुमार म्हणाले. “जागा एकतीस मार्चला जाते.”

“चार दिवसांचा तर प्रश्न आहे, नंदूभाऊ,” विलासराव म्हणाले. “एवढे वीस महिने थांबलात.”

उपसमितीत उपासनींचे नाव पहिले होते.

मंगळवारी सकाळी उपासनी न कळवता आगाश्यांच्या घरी आले. मैत्रेयी फोनचा स्पीकर लावून मॅटवर पडली होती. विभागाच्या फोनवरचे संगीत वाजत होते, आणि दर दीड मिनिटाला एक आवाज आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असे सांगत होता.

“या काका, बसा,” ती म्हणाली. “सॉरी, मी उठत नाही. डोरीनची वाट बघतेय. माझा नंबर सोळावा आहे.”

“मंडळात काय झालं ते कळलं असेल तुला.”

“बाबांनी सांगितलं. आय लव्ह द अफझलखान बिट.” मग त्यांचा चेहरा पाहून ती म्हणाली, “इट्स ओके काका. तुम्ही छान लिहिलं होतं. मला अर्धं कळलं नाही, पण आई रडली.”

“तू तिथे उभी होतीस,” उपासनी म्हणाले. “मी वाचत होतो तेव्हा. तू काहीच बोलली नाहीस.”

“काय बोलणार? तीनशे लोक, आईची नवी पैठणी, तुम्ही वाचताय की मी धावते. मला वाटलं, चला, कोणीतरी तरी धावतंय.”

ते बसून राहिले. जायला हवे होते, पण फोन चालू असताना निरोप घेणे त्यांना प्रशस्त वाटेना. मैत्रेयी कुशीवर वळली. थोड्या वेळाने दांडी धरून उभी राहिली. मग खुर्चीवर बसली. अकरा मिनिटांनी तिच्या ओठांभोवतीचा रंग गेला आणि ती न बोलता पुन्हा जमिनीवर उतरली. हे उतरणे उपासनींनी प्रथमच पाहिले. ती आधी एक गुडघा टेकवी, मग दोन्ही हात, मग श्वास रोखून कूस. एखादी जड पेटी चौघांनी सांभाळून खाली ठेवावी तसे ती स्वतःला खाली ठेवत होती, आणि चौघांचे काम एकटी करत होती. मदत करावी म्हणून ते अर्धवट उठले. “नको काका,” ती म्हणाली, “हात लावला की चुकतं.” ते परत बसले. कोपऱ्यातल्या टेबलावर नंदकुमार मान वर न करता वेळ लिहीत होते.

एक तास सदतीस मिनिटांनी डोरीनबाई फोनवर आल्या. मैत्रेयीने सांगितले की मंडळाचे पत्र वेळेत मिळणार नाही, पण मजकूर लिहिणारे गृहस्थ इथे बसले आहेत. त्यांचे पत्र चालेल का?

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. चालेल, डोरीनबाई म्हणाल्या, पण ते शपथेवर हवे आणि अठरा मार्चच्या आत पोचायला हवे. नुसते ‘चूक झाली’ पुरणार नाही. वरचे अधिकारी विचारणार: लेखकाला ही माहिती कोणी दिली? माहिती देणाऱ्यावर विश्वास ठेवून त्याने लिहिले असेल, तर मग त्या माहिती देणाऱ्याचे खरे मानायचे की आता लेखकाचे?

स्वयंपाकघराच्या दारात सुनेत्राबाई उभ्या होत्या. अर्जासोबतचे सर्वांत लांब निवेदन त्यांचे होते: मोजे, आंघोळ, औषधे, अंथरूण, सारे काही त्यांनी त्यात लिहिले होते. त्यांनी पदराचे टोक मुठीत धरले होते आणि त्या उपासनींकडे पाहत नव्हत्या.

उपासनी फोनकडे वाकले. “ती धावते असं मला कोणीही सांगितलं नव्हतं,” ते इंग्रजीत म्हणाले. “ते मी लिहिलं.”

“का, सर?” डोरीनबाईंनी विचारले. त्यात रोख नव्हता. त्यांना फॉर्मवर लिहायचे होते.

उपासनी फोनच्या आणखी जवळ सरकले. “वाक्याला शेवटी काहीतरी जोरदार हवं होतं,” ते म्हणाले.

पुन्हा कळफलक. मग डोरीनबाईंनी सांगितले की ते शपथपत्रात असेच लिहावे. आणि जमल्यास हेही, की अशी निवेदने न तपासता लिहिण्याची त्यांची रीत आहे की हे एकदाच घडले. रीत असेल तर बरे. एकदाच घडले असेल तर लोक म्हणतात, नेमके याच वेळी कसे? निकालाबद्दल त्या कोणतेही वचन देऊ शकत नव्हत्या.

फोन बंद झाल्यावर मैत्रेयी म्हणाली, “काका, यू डोन्ट हॅव टू. तुमची सगळीच मानपत्रं मग… म्हणजे लोक काय म्हणतील.”

“शपथपत्र करायला कुठल्या बसने जातात गं रजिस्ट्रीला?” उपासनींनी विचारले.

त्याच संध्याकाळी विलासरावांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली हे विचारण्यात अर्थ नव्हता. गावात साडेतीनशे मराठी घरे होती आणि प्रत्येक घरात फोन होता.

“हेमचंद्रराव, घाई करू नका. उपसमिती शनिवारी बसतेय. काहीतरी सुवर्णमध्य काढू.”

“शनिवारी येतो मी.”

“पण तुम्ही म्हणे लिहून देणार, की तुम्ही सगळीच मानपत्रं अशीच… अहो, मंडळाच्या येत्या स्मरणिकेत सगळी छापायची ठरलीत. मलपृष्ठावर तुमचा फोटो. त्यांचं काय मग?”

“नका छापू.”

मग विलासरावांनी वेगळ्याच आवाजात विचारले, “माझ्या दादांचं मानपत्र. ‘सहस्रावधी गृहे उजळणारा प्रकाशदूत’. ते तरी खरं ना हो?”

त्यांचे वडील वीज मंडळात बिले तपासणारे कारकून होते. मुलाला भेटायला ते दर दोन वर्षांनी भारतातून कॅनडात येत, येताना सगळ्या शेजाऱ्यांसाठी लसणाची चटणी आणत, आणि बर्फात कोणाचीही गाडी अडकली की फावडे घेऊन धावत. यातले काहीही मानपत्रात नव्हते.

“दादा माणूस म्हणून फार चांगले होते, विलासराव,” उपासनी म्हणाले. “मी तेवढंच लिहायला हवं होतं.”

“लॅमिनेट करून लावलंय आम्ही ते,” विलासराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

जेवण झाल्यावर उपासनी टेबलाशी बसले. मजकूर इंग्रजीत लिहायचा होता आणि तो एका पानाहून कमी असायला हवा होता. पहिल्या खर्ड्यात ‘अक्षम्य’ हा शब्द आला. त्यांनी तो खोडला. दुसऱ्यात ‘अनवधानाने’ आला. तोही खोडला, कारण ते अनवधान नव्हते. तिसऱ्या खर्ड्यात ‘दुर्दैवी वीरकन्या’ असे शब्द आलेले पाहून ते स्वतःशीच चिडले, आणि विद्यापीठात नमुन्यांच्या पिशव्यांना लावायच्या चिठ्ठ्या जशा लिहीत तसे लिहू लागले.

‘हे मानपत्र मी लिहिले. लिहिण्यापूर्वी मी मैत्रेयी आगाशे हिला भेटलो नाही. ती धावते असे मला कोणीही सांगितले नव्हते. वाक्य प्रभावी व्हावे म्हणून मी ते लिहिले. आठ किलोमीटर हा आकडा भाषांतरात आला. तो प्रसिद्ध झाल्यावर मी संकेतस्थळ उघडून पाहिले नाही. गेली तीस वर्षे मी अशी मानपत्रे लिहितो. त्यांतील मजकूर तपासण्याची माझी पद्धत नाही. एक मार्च रोजी मी तिला दोन तास पाहिले. त्या वेळात ती एकदाच, अकरा मिनिटे बसू शकली. ती धावत नाही.’

वाचून पाहिले. ऐकायला ते काहीच वाटत नव्हते. सभागृहात यावर एकही टाळी पडली नसती.

बुधवारी सकाळी ते बस आणि एलआरटी ही शहरातली लोकल गाडी करून रजिस्ट्रीच्या दुकानात गेले. तिथे गाडीचे नंबर, लग्नाचे दाखले आणि शपथा एकाच काउंटरवर मिळत. त्यांच्या पुढे मासेमारीचा परवाना घेणारा एक गृहस्थ होता. काउंटरवरच्या बाईने कागद वाचला नाही. वाचणे तिचे काम नव्हते. यातले सर्व खरे आहे असे तुम्ही शपथपूर्वक सांगता का, एवढे तिने विचारले.

“हो,” उपासनी म्हणाले. मग, तिने विचारले नसतानाही, “मी तपासलं आहे.”

तिने शिक्का मारला. समोरच्या औषधांच्या दुकानातल्या पोस्टाच्या खिडकीवर त्यांनी पाकीट रजिस्टर करून दिले, पोचपावतीचा क्रमांक लिहून घेतला आणि घरी येऊन तो नंदकुमारांना फोनवर सांगितला. नंदकुमारांनी तो परत वाचून दाखवला.

शनिवारी उपसमितीची पहिली बैठक झाली. उपासनी वेळेवर गेले आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसले. मानपत्र मागे घ्यावे, सुधारावे की त्याला पुरवणी जोडावी, यावर दीड तास चर्चा झाली. ‘मागे घेणे’ ऐवजी ‘पुनर्विलोकन’ हा शब्द सर्वानुमते स्वीकारण्यात आला. पुढची बैठक दोन आठवड्यांनी ठेवावी का, असे विचारले गेले तेव्हा उपासनींनी इतरांबरोबर हात वर केला; पाकीट बुधवारीच रवाना झाले होते. मग चहाचा कप सिंकमध्ये ठेवून, कोट चढवून, ते बर्फातून बसस्टॉपकडे चालत गेले.